फ्लॉरेन्स की सिएना? एका भांडणाचे सहा दिवस

भांडण मे महिन्यातच सुरू झालं होतं. भाची रोमला असते. ऑक्टोबरात आठवडाभर तिच्याकडे राहायचं पक्कं होतं आणि त्यानंतरचे सहा दिवस आमचे दोघांचे. साहेबांना फ्लॉरेन्स हवं होतं, मला सिएना. (नवऱ्याला मी घरात साहेबच म्हणते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण आवाज अजून साइटवरचाच आहे.)

त्यांचा मुद्दा एकच, तिथल्या मोठ्या चर्चवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट. सिव्हिल इंजिनिअरनं इटलीला जाऊन तो न बघणं म्हणजे जोतिबाला जाऊन गुलाल न लावता परत येणं. मुद्दा माझाही एकच होता. मी शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहास मुलं आवडीनं ऐकायची आणि नागरिकशास्त्राचं पुस्तक उघडलं की खिडकीबाहेर बघायची. सिएनाच्या नगरपालिकेच्या भिंतींवर चौदाव्या शतकात एका चित्रकारानं अख्खं नागरिकशास्त्र रंगवून ठेवलंय, असं वाचल्यापासून मला त्या भिंती बघायच्या होत्या.

"शिवाय आपले महाराज फ्लॉरेन्सला गेले," हा साहेबांचा हुकमाचा एक्का. गेले म्हणजे वारले. कोल्हापूरचे राजाराम महाराज, ज्यांच्या नावानं राजाराम कॉलेज आहे, ते १८७० साली विलायतेहून परतताना तिथं वारले. साहेब त्याच कॉलेजचे. "स्मारकाची छत्री आहे त्यांची तिथं. बघायला नको?" यावर काय बोलणार!

शेवटी तह झाला. पहिल्या तीन रात्री फ्लॉरेन्सला, पुढच्या दोन मोकळ्या. मधे एकदा सिएनाला फेरी मारायची आणि मग ठरवायचं. दोन गावांमधलं अंतर साधारण कोल्हापूर-कऱ्हाड एवढं, त्यामुळे फार काही बिघडणार नव्हतं. पण हा तह पुरंदरच्या तहासारखा होता. सही दोघांनी केली, मनातून मान्य कुणालाच नव्हता.

शनिवार

रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान गाडीनं दीड तास लागतो. खोली आर्नो नदीच्या पलीकडच्या बाजूला, सांतो स्पिरितो चर्चजवळ. तिसरा मजला, लिफ्ट नाही. साहेबांनी दोन बॅगा वर नेल्या आणि गुडघा धरून बसले. ही पुढच्या सहा दिवसांची नांदी होती, तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी पहिला धक्का बसला तो पावाचा. टोस्कानातल्या, म्हणजे ही दोन्ही गावं ज्या प्रांतात आहेत तिथल्या, पावात मीठच नसतं. पिसानं एकेकाळी मिठाची कोंडी केली म्हणून इथल्या लोकांनी अळणी पाव भाजायला सुरुवात केली, अशी एक गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे. मी घास तोंडात घेऊन साहेबांकडे बघितलं. ते खूश होते. "डॉक्टर वर्षभर हेच सांगतोय," म्हणाले. मात्र तोच पाव शिळा करून घेवडा, गाजर आणि काळपट पानांच्या कोबीबरोबर शिजवतात त्या रिबोलितामध्ये तो असा काही लागतो, की आईच्या हातचा शिळ्या भाकरीचा कुस्करा आठवला. शाकाहाऱ्यांनी टोस्कानात उपाशी राहायचं कारण नाही, फक्त रस्सा कशाचा आहे ते एकदा विचारून घ्यावं.

रविवार

उफिझीची वेळ आगाऊ घेतली होती, सकाळी सव्वाआठची. तशी न घेता गेलात तर रांगेतच दिवस जातो. उफिझी म्हणजे कचेऱ्या. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यानं १५६० मध्ये कारभाराच्या कचेऱ्यांसाठी ही इमारत बांधायला घेतली. "म्हणजे निवृत्तीनंतरही मी ऑफिसातच," साहेब म्हणाले.

खरं सांगायचं तर तिसऱ्या तासाला सगळ्या मेरी आणि सगळी बाळं एकसारखी दिसायला लागली. बोत्तिचेल्लीच्या व्हीनसपुढे इतके फोन वर होते, की मी तिला बहुतेक करून दुसऱ्यांच्या पडद्यावरच बघितलं. पण एका चित्रापाशी आम्ही दोघंही थांबलो. पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं, उर्बिनोचा सरदार फेदेरिको आणि त्याची बायको. दोघं समोरासमोर, दोन वेगळ्या फळ्यांवर. सरदाराची फक्त डावी बाजू दिसते, कारण उजवा डोळा घोड्यावरच्या भाल्यांच्या सामन्यात गेलेला. नाकाच्या वरच्या टोकाला, डोळ्यांच्या मधोमध, विळ्यानं काढल्यासारखी खाच. अंगावरचे तीळसुद्धा चित्रकारानं सोडलेले नाहीत. डोळा झाकला आणि नाक तेवढं खरं ठेवलं! मला तो माणूस आवडला आणि चित्रकार त्याहून जास्त.

दुपारी पोन्ते वेक्यो. हा पूल १३४५ चा. त्यावर आधी खाटकांची दुकानं होती. वरून राजवाड्याकडे जायची वाट, खाली तो वास, म्हणून १५९३ मध्ये ग्रँड ड्यूक फेर्दिनांदोनं त्यांना हटवून सोनारांना बसवलं. ते अजून तिथंच आहेत. आमच्या गुजरीत गिऱ्हाईक आत गेलं की आधी गादीवर बसवतात. इथं काचेला नाक लावून पुढे सरकायचं.

मग साहेब घुमटावर गेले. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि वाट घुमटाच्या दोन कवचांच्या मधून. मी खाली बसले. दीड तासानं खाली आले ते घामानं थबथबलेले, पण चेहरा दहावीचा निकाल लागलेल्या मुलासारखा.

"सेंटरिंग नाही!" हे पहिलं वाक्य. पाणी प्यायल्यावर दुसरं. "अगं, खालून टेकू नाही. पंचेचाळीस मीटरचा गाळा. विटा नुसत्या सपाट लावल्या तर आत घसरतील, म्हणून मधे मधे उभ्या घातल्यात, माशाच्या काट्यासारख्या. प्रत्येक थर स्वतःला धरून ठेवतो. चाळीस लाख विटा! आणि चर्च बांधायला घेतलं तेव्हा वर झाकण कसं घालायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या खात्यात असं एस्टिमेट मंजूरच झालं नसतं."

१४२० ते १४३६, सोळा वर्षं. फ्लॉरेन्सला पूर्ण गुण. पण रात्री नदीकाठी चालताना मला सारखं वाटत होतं, की आपण एका फार मोठ्या लग्नात आलोय, जेवण उत्तम आहे आणि यजमान कोण ते शेवटपर्यंत कळलेलं नाही.

सोमवार

आज मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघायचा होता. अकादमियाच्या दारात पोचल्यावर कळलं, सोमवारी बंद. उफिझीसुद्धा. कार्यक्रम कुणी आखला होता ते मी लिहीत नाही. त्यांनी लगेच मोबाईल काढून बसचं वेळापत्रक बघायला सुरुवात केली, एवढंच सांगते.

सिएनाला रेल्वेही जाते, पण स्टेशन दरीत आणि गाव टेकडीवर. जलद बस सव्वा तासात गावाच्या तोंडाशी सोडते. अर्ध्याहून अधिक वाट संपल्यावर उजवीकडे टेकडीवर मोंतेरिज्जोनी दिसलं, वाटोळा तट आणि त्यावर बुरूज. सिएनानं फ्लॉरेन्सच्या विरोधात तेराव्या शतकात उभारलेली ही चौकी. ही दोन गावं शतकानुशतकं एकमेकांच्या उरावर बसलेली. १२६० मध्ये मोंतापेर्तीच्या लढाईत सिएनानं फ्लॉरेन्सला लोळवलं. १५५५ मध्ये लांबलचक वेढ्यानंतर सिएना पडलं आणि पुढे मेदिचींच्या हाती गेलं.

सरहद्दीची दंतकथा तर झकास आहे. दोन्ही गावांतून कोंबडा आरवला की एकेक घोडेस्वार निघायचा, भेटतील तिथं सीमा. सिएनानं पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला पोटभर खाऊ घातलं. तो निवांत झोपला. फ्लॉरेन्सनं काळा निवडला आणि उपाशी ठेवला. तो पहाटेच्या कितीतरी आधी ओरडत सुटला. फ्लॉरेन्सचा स्वार जवळजवळ सिएनाच्या दारात पोचला. कियांती वाईनच्या बाटलीवर तो काळा कोंबडा अजून असतो. साहेब म्हणाले, "बघ, तुझं गाव पहिल्यापासून लाडावलेलं."

गावात शिरलो आणि पहिल्याच कोपऱ्यावर घराच्या भिंतीत एक छोटी फरशी, तिच्यावर गोगलगाय. पुढच्या गल्लीत कासव. आणखी पुढं पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती. या इथल्या कोंत्रादा, म्हणजे पेठा. एकूण सतरा. त्यांच्या हद्दी १७२९ मध्ये व्हियोलांते या बवेरियाच्या राजकन्येनं हुकूम काढून ठरवून दिल्या आणि आजही त्याच आहेत. २ जुलै आणि १६ ऑगस्टला गावच्या चौकात माती पसरून घोड्यांची शर्यत होते, पालिओ. एका वेळी दहाच पेठा धावतात. तीन फेऱ्या, दीडएक मिनिटात खेळ खलास. स्वार वाटेत पडला आणि घोडा एकटाच पहिला आला तरी पेठ जिंकली.

हे मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. कोल्हापुरात पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमच्या बाहेर रस्ते कसे होतात ते ज्यानं पाहिलंय, त्याला सिएना आपोआप कळतं. आमचे साहेब पीटीएमचे, म्हणजे पाटाकडीलचे. माझं माहेर खंडोबा तालमीजवळचं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, हा विषय आम्ही जेवताना काढत नाही.

पानफोर्ते (बदाम, मध, मसाले घातलेली घट्ट चिक्कीवजा मिठाई) घेतली त्या दुकानातल्या बाईंना मी फोनवरच्या भाषांतरातून विचारलं, तुमची पेठ कुठली? त्यांनी खिशातून रुमाल काढून दाखवला. गोगलगाय. आणि नवरा? त्यांनी कपाळाला हात लावला. कासव! गोगलगाय आणि कासव शेजारीपाजारी आणि हाडवैरी. पालिओच्या चार दिवसांत नवरा त्याच्या आईकडे राहायला जातो म्हणे. मी साहेबांकडे बोट दाखवून "आमचंही तसंच" म्हटलं. फोननं त्याचं काय भाषांतर केलं कोण जाणे, बाईंनी चार बदामी बिस्किटं जास्तीची घातली.

मग कांपो. अरुंद बोळातून एकदम हा चौक समोर उलगडतो. तो सपाट नाही, परातीसारखा खोलगट आहे, खाली नगरपालिकेकडे उतरत गेलेला. विटांची जमीन, पांढऱ्या पट्ट्यांनी पाडलेले नऊ भाग. हे नऊ म्हणजे १२८७ ते १३५५ इथं राज्य केलेलं नऊ जणांचं मंडळ. बाक नाहीत. लोक सरळ जमिनीवर बसतात, आडवे होतात. आम्हीही बसलो. घाटावर बसल्यासारखं.

आणि ती भिंत. पालाझ्झो पुब्लिको म्हणजे नगरपालिका, नऊ जण बसायचे तीच खोली. चित्रकार अंब्रोज्यो लोरेंझेत्ती, १३३८-३९. प्रत्येक नऊंची मुदत फक्त दोन महिन्यांची, आणि तेवढे दिवस त्यांनी याच वाड्यात राहायचं. बैठकीत मान वर केली की समोर चित्र. एका भिंतीवर न्यायदेवतेच्या तराजूपासून दोन दोऱ्या खाली येतात, एकोपा नावाच्या बाईच्या हातात जातात आणि तिथून चोवीस नागरिकांच्या मुठीतून पुढे. त्या बाईच्या मांडीवर चक्क सुताराचा रंधा! उंचसखल असेल ते तासून सारखं करायला. मी एकोणतीस वर्षं "सामाजिक समता" फळ्यावर लिहिलं, रंधा मला कधी सुचला नाही.

बाजूच्या भिंतीवर चांगला कारभार असलेलं गाव. गवंडी भिंत बांधतायत, बायका रस्त्यात फेर धरून नाचतायत, चांभार जोडे विकतोय आणि त्याच्या शेजारच्या गाळ्यात एक मास्तर शिकवतोय. मी त्या मास्तरापुढे बराच वेळ उभी होते. समोरच्या भिंतीवर वाईट कारभार. शिंगं असलेला जुलमी राजा आणि त्याच्या पायाशी बांधून टाकलेली न्यायदेवता. या भिंतीचा गिलावा बराच गेलाय. चित्र काढल्याला दहा वर्षंही झाली नव्हती तोच १३४८ चा प्लेग आला.

मांज्या मनोऱ्यावर मी एकटी चढले. चारशेच्या आसपास पायऱ्या. साहेबांचा गुडघा कालच कामी आला होता. खाली आले तर ते चौकातल्या फोंते गाया कारंज्यापाशी, कठड्याला टेकून माहितीचा फलक वाचत होते. मला बघून म्हणाले, "या गावाला नदीच नाही, माहिताय?"

माहीत नव्हतं. टेकडीवरच्या या गावानं मध्ययुगात जमिनीखालून बोगदे खणले, बोत्तिनी. सगळे मिळून पंचवीसएक किलोमीटर. दगडातून झिरपणारं पाणी हलक्या उतारानं गोळा करत कारंज्यांपर्यंत आणलं. पंप नाही, काही नाही. डायना नावाची एक नदी गावाखालून वाहते, या समजुतीनं लोक तिलाही शोधत बसले. ती काही सापडली नाही, पण बोगदे राहिले आणि पाणी अजून येतं. साहेब कारंज्याकडे असे बघत होते, की मला थोडा मत्सर वाटला. आयुष्यभर कालवे काढलेला माणूस. घुमटानं त्यांना थक्क केलं होतं, पण हे त्यांच्या बिरादरीचं काम होतं.

ऊन विटांवरून वर सरकलं. परतीच्या बसला अर्धा तास होता.

"राहूया की उद्या इथं," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही. जिंकलेल्या मॅचनंतर पीटीएमवाल्यांसमोर उड्या मारायच्या नसतात, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकले.

मंगळवार

सकाळी डेव्हिड. उंच, पाच मीटरच्या वर. तो संगमरवराचा ठोकळा आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट खोदून टाकलेला, कित्येक वर्षं उघड्यावर पडलेला होता. मायकेलअँजेलोनं १५०१ मध्ये तो हातात घेतला. फोटोत कळत नाही ते त्याच्या उजव्या हाताचं. शरीराच्या मानाने मोठा, फुगलेल्या शिरांचा, शेतकऱ्याचा हात. त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर दगडात निम्मे अडकलेले कैदी आहेत, अपुरे राहिलेले. मला तेच जास्त लक्षात राहिले.

दुपारी बॅगा घेऊन पुन्हा सिएना. खोली दुसऱ्या मजल्यावर. साहेबांनी हिशेब मांडून "प्रगती आहे" म्हटलं.

दिवसाचे प्रवासी गेल्यावरचं सिएना बघायला रात्रीचा मुक्कामच हवा. आठनंतर गल्ल्यांत फक्त पावलांचा आणि भांड्यांचा आवाज येत होता. एका दारात दोन म्हातारे खुर्च्या टाकून बसले होते, वर त्यांच्या पेठेचा दिवा. जेवायला पिची, हातानं वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो आणि भरपूर लसणात. तिखट मागितलं तर त्यांनी मिरचीचं तेल आणून दिलं. कोल्हापूरच्या मानाने ते औषध होतं, पण भावना पोचली.

बुधवार

कॅथेड्रलची जमीन वर्षातला बराच काळ झाकलेली असते. आमच्या नशिबानं उघडी होती. छप्पन्न चित्रं, रंगीत संगमरवर कापून जमिनीत बसवलेली. लोक वर छताकडे बघतात, इथं सगळ्यांच्या माना खाली.

पण खरी गोष्ट बाहेर आहे. १३३९ मध्ये सिएनानं ठरवलं, की आहे हे एवढं मोठं चर्च नुसती आडवी बाजू ठरेल असं नवं, प्रचंड चर्च बांधायचं. फ्लॉरेन्सची जिरवायची होती. नऊ वर्षांत प्लेग आला, काम थांबलं ते थांबलंच. आज तिथं छप्पर नसलेल्या कमानी आणि एक एकटी उंच भिंत उभी आहे, जिच्यावर चढून गाव बघता येतं. साहेबांनी खांबांभोवती दोन चकरा मारल्या. "प्लेग आला नसता तरी अडचण होती. या खांबांना हा भार झेपत नाही." मी नेहमीसारखी मान डोलावली. नंतर वाचलं, तर खरंच १३५७ च्या सुमारास काही भाग धोक्याचा म्हणून उतरवावा लागला होता. हे मी त्यांना दोन दिवसांनी सांगितलं.

दुपारभर पाऊस. झोप काढली.

गुरुवार

रोमची गाडी संध्याकाळी फ्लॉरेन्सहून होती. सकाळी बसमध्ये साहेब उफिझीतला राहिलेला भाग बघू म्हणाले. मी म्हटलं, "आणि महाराज?"

ते गप्प झाले. पाच दिवसांत हुकमाचा एक्का पार विसरले होते.

सामान स्टेशनवर ठेवलं, ट्रामनं काशिने बागेच्या कडेला उतरलो. ही बाग आर्नोच्या काठानं तीनेक किलोमीटर लांबच लांब जाते आणि छत्री अगदी दुसऱ्या टोकाला. साहेबांचा गुडघा, माझी चप्पल. वाटेत पळणारी माणसं, कुत्री फिरवणारी माणसं. झाडं विरळ झाली आणि ती दिसली.

चार खांबांवर घुमटी, खाली रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पागोटं. वय वीस. ३० नोव्हेंबर १८७० ला महाराज इथल्या हॉटेलात वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. हिंदू पद्धतीनं दहन करायला संगम हवा, म्हणून मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते ती ही जागा निवडली. परवानगी मिळवून रात्री नदीकाठी चिता पेटवली. १८७४ मध्ये फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं केलेला हा पुतळा बसला. पलीकडे मोठा पूल आहे, १९७८ चा. त्याचं नाव पोन्ते आल्लिंदियानो, म्हणजे हिंदी माणसाजवळचा पूल. गाड्या धडधडत होत्या.

साहेबांनी टोपी काढली. मुन्योने म्हणजे आपल्याकडचा ओढाच, दोन्ही बाजूंनी बांधून काढलेला. पंचगंगेच्या घाटावर घराण्यातल्या बाकीच्यांच्या समाध्या आहेत, पाणी चढलं की पायऱ्या बुडतात. मी पिशवीतलं पानफोर्ते काढून एक तुकडा कठड्यावर ठेवला. एक कुत्रं लगेच आलं. साहेब म्हणाले, "राहू दे, खाऊ दे."

तेवढ्यात भावजींचा फोन आला. कोल्हापुरात संध्याकाळचे सहा वाजून गेले असतील.

"वहिनी, कुठं आहात?"

"महाराजांच्याजवळ उभे आहोत."

"न्यू पॅलेसला? आलात व्हय परत? सांगायचं तरी! मग रात्री जेवायलाच या की."